तुंगाचा नांगर

भावजी,

तुमचं ते पिवळं धूड परवा खाली उतरवलं. मीच उतरवलं. तुमच्या दादांनी दोरीचं एक टोक धरलं होतं आणि "सावकाश, सावकाश" एवढंच म्हणत होते. गाडीच्या शेडमध्ये छताला टांगलेली ती तुमची होडी (कयाक म्हणायचं तिला, नाहीतर तुम्हाला राग यायचा) खाली आली तेव्हा तिच्या पाणी निचरायच्या भोकांतून थोडी वाळू माझ्या डोक्यावर पडली. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही म्हणून बायका कुजबुजत होत्या. ती वाळू केसांतून झटकताना मात्र रडले, चांगली हुंदके देऊन रडले. घ्या आता.

तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी सभा घेतली होती. मितभाषी, कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय. मी मागच्या खुर्चीवर बसून विचार करत होते की हा कोण माणूस? माझ्या माहितीतल्या माणसानं माझ्या जेवणावळीच्या सेटमधला एक पाट करवतीनं मधोमध कापला होता आणि वर म्हणाला होता, "वहिनी, आता कोण बसतंय पाटावर?" कपडे वाळत घालायच्या दोरीच्या दोन्ही कप्प्या काढून नेल्या होत्या, आणि माझी ओली लुगडी दोन दिवस खुर्च्यांवर पसरलेली होती. हे कुणी सभेत सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं, दादांनी डोळे वटारले असते.

कॉलनीतला तो कॉम्प्युटरवाला मुलगा बंगळूरला निघाला आणि जाताना कयाक तुमच्या गळ्यात मारून गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. एका माणसाची प्लास्टिकची अरुंद होडी, बरोबर एक वल्हं. नुसती, उघडी. ती तारनाक्याच्या आपल्या घरात आली त्या दिवशी मी फाटकातच कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ज्या घरात अंड्याचं टरफल आलेलं नाही, तिथं मासे मारायची होडी? तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, मासा उंबरठ्याच्या आत येणार नाही. पकडायचा, बघायचा, सोडून द्यायचा.

"सोडायचाच आहे तर पकडायचा कशाला? बिचाऱ्याचं तोंड फाडायला?"

"सांगेन कधीतरी," तुम्ही म्हणालात आणि हातातला नळाचा पाइप घासायला बसलात.

ते काही सांगितलं नाहीत. दर थोड्या दिवसांनी मी विचारायची, दर वेळी तुम्ही पाइप घासायला बसायचात.

गळाच्या काठ्या उभ्या ठेवायला त्या कयाकवर काही नव्हतं. तुम्ही नळाचा प्लास्टिक पाइप आणलात, त्याचं तोंड माझ्या गॅसवर मऊ केलंत आणि सॉसच्या बाटलीवर दाबून फुलवलंत. काय तो वास! आठवडाभर माझ्या फोडणीला तोच वास येत होता. दुधाच्या बूथवरून एक जुनं क्रेट आणलंत, सामान ठेवायला. त्यावर मी जुन्या रेनकोटचं झाकण शिवलं. वल्हं पाण्यात पडून वाहून जाऊ नये म्हणून बंद पडलेल्या टेलिफोनची ती वेटोळी वायर त्याला बांधलीत. पाटाचे दोन तुकडे पाय टेकायला लावलेत. माझ्या कप्प्या एक पुढच्या टोकाला, एक मागच्या टोकाला, आणि त्यांतून दोरीचा लांब फेरा, म्हणजे बसल्या जागेवरून नांगर पुढे नेता येतो, मागे आणता येतो. हे मला तुम्ही शेडमध्ये दहा वेळा करून दाखवलंत. मला पहिल्यांदाच कळलं होतं, पण तुमचा चेहरा बघून मी परत परत विचारत राहिले.

काठीच्या टोकाला ती घंटी. बेगम बाजारातून आणलेली, शेळीच्या गळ्यात असते ना, तसली. गळाला मासा लागला की काठी हलते आणि घंटी वाजते. तुम्ही डोळे मिटून बसायचात म्हणे पाण्यावर. घंटी वाजली की समजायचं, घेतला.

दोरीवरून मात्र आपलं खरं भांडण झालं. मी म्हणत होते सुती दोर घ्या, नायलॉन हाताला कापतो. तुम्ही म्हणत होता सुती पाण्यात कुजतो. आपण दोघं शेडमध्ये तावातावानं बोलत होतो आणि दादा दारातून डोकावून म्हणाले, "दोघांनाही नोकरी-धंदा नाही का?" तुम्हाला होती हो नोकरी. तिनंच घात केला, पण ते पुढं.

नांगराचं काही जमेना. कच्च्या विटा जाळीत बांधून पाहिल्यात, त्या विरघळल्या. बाटलीत वाळू भरलीत, ती हलकी पडली. मग एके दिवशी मी स्टूल लावून माळ्यावर चढले आणि वरवंटा काढला. त्याला अजून ती कुंची घातलेली होती, लाल खणाची. कुंची मी काढली, घडी करून कपाटात ठेवली, आणि वरवंटा तुमच्या हातात दिला.

तुम्ही तो ओळखलात. तुमचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी, हा?"

"हो, हा. किती दिवस माळ्यावर निजवायची तिला?"

तेव्हा मला वाटलं होतं, भावजी हळवे आहेत, म्हणून असा चेहरा झाला.

माझ्या लेकीच्या बारशाला आपल्याकडं बायकाच नव्हत्या. आजूबाजूच्या सगळ्या तेलुगू, त्यांना आपली रीत ठाऊक नाही. आत्या नाही, कारण तुम्ही दोघे भाऊच. सासूबाईंनी कॉलेजात शिकणाऱ्या तुम्हाला पकडून पाळण्यापाशी बसवलं आणि डोक्यावर माझा शेला टाकला. आत्याबाई! तुम्ही लाजून कानापर्यंत लाल झाला होता. आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून द्यायचा, पलीकडच्यानं वरून घ्यायचा. मग बाळाला तसंच. दगडावर हात बसवायचा आणि मग लेकरू द्यायचं, असं सासूबाई म्हणायच्या. तुम्ही खाली वाकून देत होता, मी वरून घेत होते, आणि तुम्ही घाईनं हात काढलात. सासूबाई केवढ्यानं ओरडल्या. "अरे, तिनं 'घेतली' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही!"

"घेतली," मी म्हटलं. तेव्हा तुम्ही सोडलंत.

आणि नाव काय ठेवलंत, तर तुंगा. सगळे हसले. मी तर रागानं दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. कर्नूलच्या नदीवरून कुणी पोरीचं नाव ठेवतं का? पण तुमचं सगळं लहानपण त्या नदीकाठी गेलेलं. मामंजी सरकारी नोकर, राज्यांची फेररचना झाली आणि त्यांची बदली तिकडं. दादांना मराठी शाळेसाठी इथंच नारायणगुड्याला काकांकडं ठेवलं आणि तुम्ही लहान म्हणून कर्नूलला गेलात. तिथंच तुम्ही तेलुगू शिकलात, पोहायला शिकलात, काठीला दोरा बांधून मासे धरायला शिकलात. मग हाक मारून मारून मला ते नाव आवडायला लागलं. तुंगा. तुंगे. तुंगाबाई.

दात यायच्या आत गेली. साधा ताप होता.

दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत. दादा आणि तुम्ही तिला घेऊन गेलात आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी आलात. तुमच्या चपलांना पांढरी कोरडी माती लागली होती. बायकांनी जायचं नसतं, विचारायचंही नसतं. मी विचारलं नाही. त्यानंतर मूल झालं नाही, आणि वरवंटा मी चटणी वाटायला परत घेतला नाही, टाकलाही नाही. तो तिच्या कुंचीत माळ्यावर राहिला.

तर तो तुमचा नांगर झाला. दर रविवारी पहाटे तुम्ही व्हॅनच्या टपावर कयाक बांधायचात आणि शहराबाहेरच्या त्या तलावावर जायचात. दुपारी परत आलात की मी पहिलं विचारायची, "वर आला ना?" वरवंट्याबद्दल. तुम्ही म्हणायचात, "आली."

आली. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. तुम्ही गंमत करताय असं वाटलं. मग तुम्ही तसंच बोलायला लागलात. "आज लवकर वर आली." "आज खाली रमली होती वहिनी, ओढून ओढून हात दुखले." एकदा म्हणालात, "आज मी ओढायच्या आधीच दोर सैल झाला. आपणहून निघाली बघा." मी वरवंटा धुऊन कोरडा करून तुळशीपाशी ठेवायची. रविवारी संध्याकाळी तो नेहमी गार असायचा, उन्हात ठेवला तरी गार. दादांना सांगितलं तर ते म्हणाले, दगड आहे, गारच असणार.

एक खरं सांगू? मला भीती वाटायची आणि मी रविवारची वाटही पाहायची.

मग राज्याचे पुन्हा दोन तुकडे झाले. कोण इकडचं, कोण तिकडचं, ते लहानपणीच्या शाळेवरून ठरणार होतं. दादा निवृत्त होऊन घरी बसलेले, पण शाळा नारायणगुड्याची, म्हणून ते इकडचे. तुम्ही कर्नूलचे, म्हणून तिकडचे. एका आईची लेकरं, एका छपराखाली राहतायत, आणि एक या राज्याचा, एक त्या राज्याचा. मी केवढी भांडले! कुणाशी भांडायचं ते कळेना म्हणून तुमच्याशी भांडले. तुम्ही म्हणालात, "वहिनी, विजयवाडा काय परदेश आहे? शनिवारी रात्री बसलो की रविवारी तलावावर." दसरा झाला आणि तुमचं ऑफिस हललं.

जायच्या आधीचे दोन महिने तुम्ही शेडमध्ये सारखी खुडबुड करत होता. मला वाटलं कयाक बरोबर नेणार असाल. मध्येच मला हाक मारायचात. "वहिनी, जरा इथं बसा." "वहिनी, हा पाइप पकडा बघू. हात पोचतो का?" मी एका हातात झारा घेऊन बसायची, पोचतो म्हणायची आणि आमटी उतू जाते म्हणून पळायची. विचारलं नाही कशाला. तुमचं काही ना काही चालूच असायचं.

शेवटच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "चला ना एकदा. काठावर बसा नुसत्या."

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं. घरी पाहुणे यायचे होते. त्या पाहुण्यांचं तोंडही आता आठवत नाही.

तुम्ही दुपारी आलात. मी विचारलं, वर आला ना? तुम्ही व्हॅनच्या दोऱ्या सोडत होता. माझ्याकडं न बघता म्हणालात, "आज नाही आली. अडकलीय. खूण करून ठेवलीय, कॅन बांधलाय दोराला. पुढच्या रविवारी आणू."

रात्रभर माळ्याकडं डोळे लावून पडले होते, जणू काही ती रोज तिथंच निजत होती.

तुम्ही विजयवाड्याला गेलात, आणि त्याच आठवड्यात एका पहाटे मी दूध तापवत होते आणि शेडमध्ये घंटी वाजली. कयाक टांगलेली, काठी तिच्या कडेला बांधलेली, टोकाला ती घंटी. वारा नव्हता, तुळशीचं पान हलत नव्हतं. एकदाच वाजली. मला आनंद झाला हो! वाटलं, भावजी न कळवता आले आणि शेडमध्ये शिरून खुडबुड करतायत. मी आधणात पाणी वाढवलं, तुमचा पितळी पेला काढला, आणि ओरडले, "आधी चहा घ्या, मग त्या धुडाकडं बघा!" कुणी ओ दिली नाही. शेडमध्ये कुणी नव्हतं. दादा म्हणाले मांजर असेल. मी परत आत आले तर फोन वाजत होता. विजयवाड्याहून तुमच्या घरमालकाचा.

तुमचा चहा मी ओतून टाकला नाही. तो दुपारपर्यंत तसाच ओट्यावर होता.

तेरावा झाला, माणसं पांगली, आणि मी दादांना म्हटलं, "मला वरवंटा आणायचाय."

"कशाला?"

"माझा आहे म्हणून."

"नवा आणू."

"नवा नकोय. ती तिथं पाण्यात एकटी आहे, दोर कुजला तर कायमची जाईल. तुम्ही येताय की मी जाऊ?"

दादांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला. चष्मा काढला की ते म्हातारे दिसतात. म्हणाले, "राहू दे गं तो तिथं. तिच्याजवळच आहे तो."

"कुणाच्या जवळ?"

मग त्यांनी सांगितलं. त्या वर्षी पाऊस नव्हता, तलाव आटला होता. काठाला एक ताड होता, त्याच्या सावलीत तुम्ही दोघांनी तिला ठेवलं. नंतर तलावाचा बांध वाढवला, पाणी चढलं, ताड पाण्यात गेला आणि वाळला. त्याचं नुसतं खोड पाण्याबाहेर राहिलं. दादा पुन्हा कधी तिकडं गेले नाहीत. तुम्ही मात्र जात होतात. आधी नुसते काठावर बसायला आणि मग कयाक आल्यावर त्या खोडापर्यंत.

भावजी, मी त्या क्षणी तुम्हाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. दादांनी कानांवर हात ठेवले. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. पण तुम्ही दर रविवारी माझ्या लेकीला भेटून यायचात आणि मी इथं भाजी निवडत बसायची! ती कुठं आहे ते तुम्हा दोघांना ठाऊक, आणि जिनं पोटात वाढवली तिला नाही? मी तुमच्या हातात वरवंटा दिला तेव्हा तरी सांगायचं होतं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं की इतकी वर्षं तिच्याकडं कुणीतरी जात होतं. माझी तुंगा अगदीच बेवारशी पडली नव्हती. मग राग कुठं धरायचा तेच कळेना.

परवा आम्ही गेलो. मी, दादा आणि व्हॅन चालवायला शेजारचे शिक्षक. काठावर यादय्या होता, तुमची व्हॅन राखायचा तो. त्यानं कयाक खाली घ्यायला हात लावला आणि माझ्याकडं बघत राहिला. "साब हमेशा वहींच ठैरते थे, अम्मा," त्या खोडाकडं हात करून म्हणाला. "मैं कित्ते बार बोला, उधर मछली नै हैं. सुनतेच नै थे."

क्रेटमध्ये एक कोरं लाइफ जॅकेट होतं, त्याचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. मला घातल्यावर ते बरोबर बसलं. तुमच्या अंगात ते शिरलंही नसतं. मग मी कयाकमध्ये बसले. लुगडं गुडघ्यापर्यंत आवळलेलं, दादा पाठीमागून "सावकाश" म्हणतायत. पाय लांब केले तर पाटाचे तुकडे नेमके माझ्या तळव्यांखाली आले. तुमचे पाय केवढे लांब! तुम्ही ते तुकडे अलीकडं सरकवले होते, जुनी भोकं तशीच दिसत होती. काठीचा पाइप डाव्या बाजूला. नांगराचा फेरा डाव्या बाजूला. सगळं डाव्या बाजूला, आणि घरात डावखुरी मी एकटीच. लग्न होऊन आले तेव्हा डाव्या हातानं वाढते म्हणून सासूबाईंनी ताट परत केलं होतं, तेव्हा तुम्ही एकटे म्हणाला होता, "मला वाढा वहिनी." आणि फेऱ्याचा दोर नायलॉनचाच होता, भावजी. तुम्ही ऐकलं नाहीतच. पण जिथं हात येतो तिथं माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळली होती.

मी बसले होते आणि माझ्या हाताच्या, पायाच्या प्रत्येक मापाची जागा तिथं आधीच तयार होती. कुणीतरी मला तिथं आधी बसवून पाहिलं होतं. तुम्ही कयाक नेणार नव्हतात. तुम्ही ती माझ्यासाठी ठेवून निघाला होतात, आणि नांगर अडकला नव्हताच.

यादय्यानं ढकललं. दादांनी सुताच्या दोराचं एक टोक कयाकच्या मागच्या कडीला बांधलं होतं, दुसरं स्वतःच्या मनगटाला. वल्हं मारणं मला जमत नव्हतं. दोनदा मी गोल फिरले. मग वल्हं मांडीवर ठेवून नुसती बसले आणि कयाक आपोआप त्या खोडाकडं सरकत गेली. पाणी शिसवी रंगाचं आणि अगदी स्थिर. काठावर पाणकोंबड्यांचा गलका चालला होता, तो मध्येच थांबला. मागं दादांच्या हातातला दोर सरसर सुटत होता, त्याचाच आवाज.

खोडाच्या अलीकडं तुमचा तेलाचा कॅन तरंगत होता. जवळ गेल्यावर दिसलं. कॅनच्या एका बाजूला, खाली, तुम्ही काळ्या रंगानं तीट लावली होती. बाळाच्या गालाला लावतात तशी, बोटानं. दृष्ट लागू नये म्हणून.

तो कॅन आता माझ्या शिलाई मशीनवर आहे.

मी दोर हातात घेतला, त्यालाही तशीच हिरवी पट्टी होती, आणि कॅन सोडवून क्रेटमध्ये ठेवला. आता ती आणि मी, मध्ये एवढा दोरच. ओढलं. आला नाही. जोर लावून ओढलं तर कयाक एका बाजूला कलली आणि काठावरून दादा ओरडले. मी थांबले, आणि मग खालून ओढ आली. हिसका नव्हता. हळू, सारखी ओढ. एखाद्यानं पलीकडून हात घट्ट बसवावा ना, तशी. लुगड्याची पट्टी माझ्या मुठीत थोडी सरकली. भीती वाटायला हवी होती. पण मला ती पकड ओळखीची वाटली. कयाक डुलायला लागली, इकडून तिकडं, एका लयीत, आणि माझ्या लक्षात आलं की आपण पुन्हा तसेच बसलोय, एक वर, एक खाली. फक्त तेव्हा तुम्ही देणारे होता.

मी तिला घरी न्यायला आले होते. माळ्यावरची जागा पुसून ठेवली होती, कुंची धुऊन इस्त्री केली होती. ती कुंची माझ्या कमरेला खोचलेली होती. मी ती काढली, दोराच्या टोकाला बांधली, आणि टोक पाण्यात नेलं. पण सोडवेना. मूठ उघडेचना. इतकी वर्षं हातात काही नसताना मी मूठ आवळून बसले होते, आता खरंच काहीतरी होतं, आणि सोडू?

मग सासूबाईंचा आवाज आठवला. मी खाली वाकले, तोंड पाण्याजवळ नेलं आणि विचारलं, "भावजी, घेतलीत का?"

वारा नव्हता. गळ मी टाकलेलाच नव्हता, काठी नुसती डाव्या बाजूच्या पाइपात उभी होती. मी वाट पाहिली. तुम्ही उत्तर द्यायला नेहमीच वेळ लावायचात.

घंटी वाजली. एकदाच.

मी हात सोडला.